कोथिंबीर फुलावर आली

कढीवर घालायला चार काड्या आणाव्यात म्हणून दुपारी मागच्या वाफ्यात गेले, तर कोथिंबीर फुलावर आलेली. तशी ती आधी पानांतून सांगत असते. बुडाशी पान रुंद असतं, आणि वर जाताजाता ते चिरत जाऊन शेपूसारखं बारीक होतं. शेपू दिसायला लागला की समजावं, हिचं आता आपल्या कढीत लक्ष नाही.

ऑक्टोबरच तो. पाऊस परतला, आभाळ उघडलं आणि पुण्यात पुन्हा उन्हाची काहिली सुरू झाली. पुढे थंडी येणार हे आपल्याला कॅलेंडरवरून ठाऊक असतं. कोथिंबिरीला फक्त तापलेली माती कळते. ती घाईघाईने बी धरायच्या मागे लागते. ‘वाया गेली, उपटून टाक,’ असं घरात म्हणतात. मी उपटत नाही. त्या पांढऱ्या बारीक फुलांवर दिवसभर माश्या-मधमाश्यांची वर्दळ असते, आणि पुढे धने मिळतात ते वेगळेच.

मेथीवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. धने रगडून, दोन डाळ्या करून पेरावेत, तरी दहा-बारा दिवस मातीकडे बघत बसावं लागतं. मेथी तिसऱ्या दिवशी हजर. इतक्या लगबगीने येणाऱ्याचं काही खरं नसतं. श्रावणात सलग झड लागली की तीच आधी पिवळी पडते, बुडाशी कुजते. जी उरते तिच्या पानापानावर थेंबांनी उडवलेली माती. पाच पाण्यांतून काढली तरी घासाला कचकन लागतेच. अळूचं बरं. न्हाणीच्या पाण्यावर उन्हाळा काढतो आणि पहिला पाऊस झाला की कुणाला न विचारता पसरतो.

बार्शीला आजीच्या परसात हवामानखातं आजीकडेच होतं. ‘आभाळ आलंय, मावा पडंल,’ म्हणत ती चुलीतली राख चाळून चाकवतावर, चुक्यावर भुरभुरायची. आम्हाला त्या राखेचाच कंटाळा, कारण भाजी निवडायला आम्ही आणि धुवायलाही आम्हीच.

परसाला लागून हरभऱ्याचं रान. थंडीत कोवळे शेंडे खुडायला जायचो, आणि ती भाजी धुवायची नाही असा घरचा दंडक. धुतली तर आंबटपणाच निघून जाणार. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते, ती आम्ल सोडते. आम्हाला ते उघड्या पोटऱ्यांच्या खाजेवरून कळायचं. पहाटे, दव भरपूर असताना, आजी जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं हरभऱ्यावरून हलकेच फिरवत जायची. दवाबरोबर आंब फडक्यात उतरायची, मग ते वाडग्यात पिळायचं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा पिळायचं. बोटं गारठून बधिर व्हायची आणि तरी तिला घाई नसे. ऊन वर यायच्या आत जमेल तेवढी आंब बाटलीत भरून फडताळात जायची.

रात्री आभाळ मोकळं असेल तरच दव. ढग आले की फडकं कोरडंच राहायचं, आणि अवकाळी पाऊस पडला तर पानावरची आंबही धुऊन जायची. म्हणून आजी अंथरुणातून उठून आधी दारात जाऊन वर बघायची. चांदण्या दिसल्या तर आम्हाला हाका. नाही तर, ‘झोपा रं, आज काय न्हाई.’

ती आंब पोटदुखीचं औषध. कितपत लागू पडायची कोण जाणे. चिमूटभर मीठ घालून चमचाभर मिळायची, आणि त्या चमच्यासाठी आम्ही भावंडं आळीपाळीने पोट धरून बसायचो. आजीला कळत नसेल असं नाही. बाटली भरलेली असली की सगळ्यांची पोटं दुखायची. ढगाळ हवेत आठवडा गेला की एकाचंही नाही.