कागदावर 58, समोर 35

मी तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यक आहे. रोजचं काम म्हणजे अडलेल्या म्हशी, लम्पीची लस, कृत्रिम रेतन आणि शेळीने युरिया खाल्ला म्हणून रात्री उशिरा येणारे फोन. त्यामुळे उन्हाळ्यात वनविभागातून फोन आला की डॉक्टर हायवेला एक हत्तीण आलीय, लंगडते अशी तक्रार आहे, तपासून रिपोर्ट द्या, तेव्हा मी आधी हसलोच. कॉलेजात आम्हाला हत्ती एक-दोन लेक्चरात उरकला होता. हत्तींवरच काम करणाऱ्या एका सिनियरला गाडीतूनच फोन लावला, तो म्हणाला चेहरा बघत बसू नकोस, पाय बघ, कान बघ, आणि कागद शेवटी बघ.

पेट्रोल पंपामागे चिंचेच्या झाडाखाली ती उभी होती. कपाळावर ॐ, गालांवर रंगीत फुलं, अंगावर लाल झूल आणि झुलेला चक्क क्यूआर कोड अडकवलेला. गर्दी तर विचारू नका. बायका लेकरांना तिच्या पोटाखालून काढत होत्या, म्हणजे भीती जाते म्हणून. दहा रुपये दिले की सोंड डोक्यावर. कुणी केळी देतंय कुणी वडापाव. ती सारखी डोलत होती, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, आणि एक आजोबा मला कौतुकाने म्हणाले, बघा डॉक्टर, गणपतीचंच रूप, आतल्या आत नामस्मरण चाललंय. आता त्यांना काय सांगणार? वर्षानुवर्षं साखळीत उभं ठेवलेला हत्ती असाच डोलतो. माणूस कोठडीत येरझाऱ्या घालतो त्यातलाच प्रकार. रानातल्या हत्तीला असं डोलायला वेळ कुठे असतो, दिवसाला दीड-दोनशे किलो चारा शोधत त्याला मैलोन् मैल फिरायचं असतं.

वनरक्षकांनी गर्दी मागे हटवली, मग माहुताला म्हटलं झूल काढ. तो काढेना. "साब, धूप लगेगी." वनविभागाचे साहेब जरा आवाज चढवून बोलले तेव्हा काढली.

खाली पाठीच्या कण्यावर दोन्ही बाजूंना कातडी सोलवटलेली, जुनी जखम, वर गेरू फासलेला. कानामागे हात फिरवला तर बोटाचं पेर जाईल असे खड्डे, अंकुशाचे, काही भरून आलेले आणि दोन-तीन ताजे. तेही रंगवलेले. एवढी नक्षी कशासाठी काढतात ते मला त्या दिवशी नीट कळलं.

पण खरी गोष्ट पायात होती. माहूत "बैठ" म्हणाला, ती सावकाश टेकली आणि डावा पुढचा पाय आपणहून पुढे केला. दवाखान्यातली म्हैससुद्धा इतकं ऐकत नाही, आणि त्या ऐकण्याचंच मला वाईट वाटलं, कारण ते कसं शिकवतात ते आता माहितीय, पिल्लाला लाकडी कठड्यात आवळून बांधायचं, उपाशी ठेवायचं, झोपू द्यायचं नाही, त्याने लाथा झाडणं सोडेपर्यंत मारायचं. तर पाय. हत्तीच्या पुढच्या पायाला पाच नखं असतात. त्यातलं मधलं नख मुळापासून वरपर्यंत उभं चिरलेलं, कडेने जरा दाबलं तर घट्ट पिवळा पू आला आणि असा वास की वनरक्षक चार पावलं मागे गेला. तळवा पाहिला तर गुळगुळीत, निरोगी पायाला असतात तशा भेगा-रेषाच नाहीत, डांबर आणि काँक्रीटने सगळं घासून गेलेलं. हत्तीच्या टाचेत चरबीची जाड गादी असते, त्यावर तो तीन-चार टन तोलतो. मऊ मातीसाठी बनलेला पाय तो, मे महिन्यातल्या हायवेसाठी नाही. चिरेत काळं काहीतरी भरलेलं होतं, विचारलं तर म्हणे हळद आणि जळकं ऑईल.

गरम पाण्यात लाल औषध घालून पाय शेकला, मेलेलं नख थोडं तासलं, पू काढला, सिनियरला व्हिडिओ कॉलवर दाखवून त्याने सांगितला तो डोस भरला. ताप बघायला ताज्या लेंडात थर्मामीटर खुपसायचा असतो हेही त्यानेच सांगितलं. लेंडात प्लॅस्टिकची पिशवी निघाली, अख्खी. तासभर चाललेल्या या उद्योगात ती एकदाच हलली, तेही माहूत अंकुश उचलायला वाकला तेव्हा.

मग कागद. वनपालांनी मालकीचं प्रमाणपत्र माझ्यापुढे धरलं, लॅमिनेशन केलेलं, मालक दुसऱ्या राज्यातला, हत्तिणीचं वय त्या हिशोबाने आज 58 बसत होतं. मी पुन्हा कानांकडे बघितलं. वय वाढतं तशी हत्तीच्या कानाची वरची कड दुमडत जाते, कानशिलं खोल जातात, सोंडेचा आणि कानांचा रंग उडून गुलाबी ठिपके वाढतात. हिची कड जेमतेम वळलेली, कानशिलं भरलेली. सिनियरला फोटो पाठवले, तो म्हणाला पस्तिशीच्या आसपास, पुढेमागे चार-पाच वर्षं, पण 58 शक्यच नाही. ओळखीसाठी बसवलेली चिप वाचणारा रीडर दोन्ही कानांमागे फिरवला, खांद्यावर, शेपटीजवळ, कुठेच बीप नाही, आणि प्रमाणपत्रावर चिप नंबर छापलेला! मालकाला फोन लावला तर म्हणे चिप गळून पडली असेल. कातडीखालची चिप, गळून पडली.

आता यात मेख काय आहे ते सांगतो. हत्ती 1977 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, म्हणजे रानातून पकडणं बंद. विकायलाही बंदी. पाळीव हत्तिणी फारशा वितही नाहीत. 58 वर्षांची असती तर बंदीआधीची म्हणता आलं असतं, मग पस्तीस वर्षांची हत्तीण आली कुठून? एक तर तिच्या जन्माचा कागद हवा, नाहीतर ती रानातून आईपासून तोडून आणलेली. सिनियर म्हणाला यात जुना खेळ आहे, म्हातारी हत्तीण मेली की कळवायचंच नाही, तिचा कागद जिवंत ठेवायचा आणि त्यावर दुसरी चालवायची. विक्रीला नाव द्यायचं भेट, दान, नाहीतर भाडेकरार. आमच्या केसमध्ये असंच झालं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. रिपोर्टमध्ये एवढंच लिहिलं की प्रमाणपत्रातलं वय आणि प्रत्यक्ष तपासणी जुळत नाही, चिप आढळली नाही, चालण्यास अयोग्य, डीएनए तपासणी व्हावी. रक्त कानामागच्या शिरेतून घेतलं आणि नमुना वनविभागाकडे दिला.

माहुताचा मला शेवटपर्यंत नीट राग येईना. पंचविशीचा पोरगा, रात्री तिच्याच शेजारी गोणपाटावर झोपणारा, रोज ठराविक रक्कम मालकाला पाठवायची, कमी पडली तर पगारातून कापणार. त्या क्यूआर कोडवर नावही मालकाचंच. बरं हा काही नवीन धंदा नाही, 2013 साली मुलुंडला बिजली नावाची भीक मागणारी हत्तीण रस्त्यात कोसळली आणि काही दिवसांनी मेली, तेव्हा केवढी हळहळ झाली होती, पेपरात रोज बातम्या, आणि तरी हायवेला हत्ती दिसला की आपली गाडी थांबतेच.

साहेबांपुढे प्रश्न होता की जप्त करून ठेवायची कुठे? राज्यात सरकारी हत्ती कॅम्प गडचिरोलीत, कमलापूरला, आमच्यापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि हा पाय घेऊन ट्रकमध्ये एवढा प्रवास म्हणजे मीच सही देणार नाही. त्यात नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीला जुलै 2025 मध्ये गुजरातला नेल्यावर अख्ख्या कोल्हापुरात काय उसळलं ते सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे हत्तीचं नाव काढलं की साहेब लोकांना घाम फुटतो. (ती केस वेगळी, तिथल्या लोकांचा जीव खरोखर तिच्यावर होता, पण पाय आणि साखळी यांना भावना कळत नाहीत असं माझं मत, शिव्या द्यायच्या तर द्या.) शेवटी ठरलं की पंचनामा करून हत्तीण तिथेच, पंपामागच्या मातीच्या पडीक जागेत ठेवायची, पाय बरा होईपर्यंत रस्त्यावर आणायची नाही, माहुताकडून लेखी घ्यायचं. मी रोज ड्रेसिंगला जायचो. गावातल्या एका ऊसवाल्याने वाढे द्यायला सुरुवात केली, पंपवाल्याने टँकर लावला. सूज उतरायला लागली होती. आणि एका सकाळी गेलो तर जागा मोकळी, रात्रीच ट्रक लावून नेलेली.

नंतर शेजारच्या जिल्ह्यातल्या बॅचमेटचा फोन आला, अरे एक हत्तीण आलीय, मालकाला वाहतुकीसाठी फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे, तुला काही अनुभव आहे का. मी म्हटलं कपाळावरची नक्षी सोड, डाव्या पुढच्या पायाचं मधलं नख बघ, चिरलंय का. चिरलेलंच होतं. नाव बदललं होतं, पण कागद तोच, 58 वाला. त्याने सर्टिफिकेट नाकारलं, माझा रिपोर्ट जोडून त्यांच्या वनविभागाला कळवलं, आणि यावेळी तिथल्या साहेबांनी ट्रकच अडवून ठेवला. डीएनएचा रिपोर्ट अजून यायचाय. मालकाने वकील दिलाय, आणि मला साक्षीला बोलावणार आहेत असं कळतंय.