मागच्या अंगणातलं वाळवंट

ॲरिझोनात मित्राकडे निवांत राहायला निघालात, तर आधी यादीतून ग्रँड कॅन्यन खोडा. मित्राचं घर टूसॉनला, राज्याच्या दक्षिणेकडच्या शहरात असेल, तर तिथून कॅन्यनला पोचायला साडेपाच-सहा तास लागतात. म्हणजे मुक्काम आला, परतीचा दिवस आला आणि पासष्टी उलटलेल्या चार माणसांचे गुडघे, पथ्यं नि गोळ्यांच्या वेळा यांची मोट बांधणं आलं. मित्र भिडेखातर गाडी काढेलही. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर त्याने ते पाहिलेलं असतं, एवढं लक्षात असू द्यावं.

टूसॉनमध्ये सुख आहे ते घराच्या मागच्या पॅटिओत, म्हणजे फरसबंद अंगणात. काळ मात्र नोव्हेंबर ते मार्च हवा. जानेवारीत दुपारी 18 अंश आणि पहाटे 4, असा साधारण हिशेब. हवा कोरडी, त्यामुळे ऊन कललं की ऊब लगेच पळते. सकाळी चढवलेलं जाकीट अकराला खुर्चीच्या पाठीवर जातं आणि दिवेलागणीला पुन्हा अंगावर येतं. न्यू जर्सीतल्या लेकीकडच्या थंडीसाठी घेतलेला जाडा कोट इथे निव्वळ ओझं. पातळ कपडे एकावर एक घालावेत. मे-जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा जुन्या घरांच्या छपरांवर पाण्याचे कूलर घरघरतात, नागपूरकराला त्यांची ओळख करून द्यायला नको. पॅड ओलं, खिडकी किंचित उघडी आणि हवा कोरडी असेल तोवर उत्तम. जुलैत तिथला पाऊस सुरू झाला (त्यालाही मान्सूनच म्हणतात) की हवा दमट होते आणि कूलर नागपुरातल्यासारखाच कुचकामी ठरतो.

सकाळी सातला चहा घेऊन पॅटिओत बसावं. नाशिकला तेव्हा संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. ॲरिझोनाने 1968 पासून घड्याळं मागेपुढे करणं सोडून दिलं आहे. उत्तरेकडचा नावाहो आदिवासींचा प्रदेश तेवढा वेगळा. त्यामुळे भारताशी साडेबारा तासांचा फरक बारा महिने कायम राहतो. घरी फोन करताना काटे 30 मिनिटं पुढे ढकलायचे आणि सकाळची संध्याकाळ करायची. न्यू जर्सीतल्या लेकीला फोन करताना मात्र मार्चच्या मध्यात गोंधळ होतो, कारण दोन तासांचा फरक एका रात्रीत तीन होतो.

समोर टांगलेल्या बाटलीवर हमिंगबर्ड येतात. त्यांतला ॲनाज हमिंगबर्ड इथे वर्षभर असतो. पाक अगदी साधा: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. लाल रंग घालायचा नाही, मध नाही आणि कौतुकाने गूळ तर मुळीच नाही. मधाने बुरशी धरते आणि गुळातलं लोह पाखराला बाधतं. थंडीत चार-पाच दिवसांनी बाटली धुऊन पाक बदलावा, उन्हाळ्यात दोन दिवसांतच. उन्हाळा सरताना रात्रीत बाटली रिकामी झाली, तर बोका नव्हे, वटवाघळं प्यायली असं समजावं.

फिरायला जायचं ते सकाळीच. सग्वारो नॅशनल पार्कचे दोन भाग शहराच्या दोन बाजूंना आहेत. पश्चिमेकडच्या भागात सग्वारोंची दाटी जास्त. या निवडुंगाला पहिला हात फुटायला 50 ते 75 वर्षं लागतात. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, तोही पालो व्हर्दीसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत. पाऊस झाला की अंगावरच्या उभ्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उलगडतात, पाणी संपत आलं की मिटतात. वाटेत फड्या निवडुंगही भेटतो, आपल्याकडे देशावर बांधाला असतो त्याच कुळातला. त्याच्या पानावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर काडीने चिरडून बघा, काडीला रक्तासारखा किरमिजी रंग लागेल. तो कोचिनील किडा. रेशमापासून लिपस्टिकपर्यंत कितीतरी गोष्टी त्याने रंगल्या आहेत.

सांभाळायचं ते चोयापासून. हा निवडुंग मऊ, लोकरी दिसतो, पण नुसता घासला तरी त्याचा गोळा कपड्याला किंवा पोटरीला चिकटतो. बोटांनी ओढायला गेलात की बोटंही अडकली, कारण प्रत्येक काट्याला उलटे बारीक दाते असतात. खिशात साधा कंगवा असावा. त्याचे दात गोळा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवायचे आणि गोळा झटक्याने दूर उडवायचा. समोर कोणी उभं नाही, एवढं आधी बघावं. राहिलेले काटे चिमट्याने.

दुपारी वामकुक्षी, यजमानांचीही. ज्यांना फिरल्याशिवाय करमत नाही त्यांच्यासाठी माउंट लेमन या डोंगराचा रस्ता आहे. पायथ्याशी सग्वारो आणि 40-45 किलोमीटरनंतर पाइनचं रान, हिवाळ्यात कधी बर्फसुद्धा. वरची उंची 9,000 फुटांपलीकडे जाते. हृदयाचा त्रास असेल तर निम्म्या वाटेवरच्या विंडी पॉइंटवरून परतलेलं बरं, देखावा तिथेही पोटभर आहे.

स्वयंपाकघरात हवेचा कोरडेपणा हाताला कळतो. कणकेला नेहमीपेक्षा दोन-तीन चमचे पाणी जास्त लागतं. गोळा उघडा ठेवला की वर पापुद्रा धरतो, म्हणून ओलं फडकं झाकावं आणि पोळी तव्यावरून थेट डब्यात टाकावी. बाहेर जेवायला गेलात तर सोनोरा या सीमेपलीकडच्या मेक्सिकन प्रांताच्या धाटणीच्या टॉर्टिया, म्हणजे मोठ्या, पातळ गव्हाच्या पोळ्या, जरूर खाव्यात. शाकाहारी असाल तर टॉर्टियात आणि बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारावं.

ओठ आणि नाक तडकतं, तेव्हा व्हॅसलीन जवळ असू द्या. मात्र घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, खोकला आणि कमालीचा थकवा आला, तर डॉक्टरांना ॲरिझोनाला जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. तिथल्या मातीतल्या बुरशीने व्हॅली फीव्हर होतो आणि दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरला तो चटकन सुचत नाही.

निघताना यजमान परसातल्या ग्रेपफ्रूटची पिशवी भरून देणारच. हे फळ आपल्या पपनसाच्या वंशातलं. ॲटोरव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. आतड्यात औषध मोडणारं एन्झाइम ते अडवतं आणि रक्तात औषध वाढतं. परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो, त्यामुळे ‘गोळी रात्री, फळ सकाळी’ ही युक्ती उपयोगाची नाही. पपनसालाही तोच नियम. गोड संत्र्यांची मात्र ही कटकट नसते, आणि बहुतेक परसांत शेजारीच संत्र्याचं झाड असतं. तिकडे बोट दाखवावं.