प्रोबवरची करंगळी

सापडलं एकदाचं! अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर बघत सुई घालायला मी रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतो. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की फीडबॅकची चेकलिस्ट तिसऱ्यांदा बदलली, तरी "टोक न दिसता सुई पुढे" या एका ओळीवर सगळे रेसिडेंट अडकलेत. डेप्थ (चित्राची खोली), गेन (चित्राचा उजळपणा), प्रोबची (हातात धरायच्या सेन्सरची) बाजू पडद्याशी जुळवणं, हे दोन बैठकांत बसलं होतं. टोकाचं काही केल्या जमेना.

ही खोड आपल्याच फँटमवर, म्हणजे सरावाच्या ठोकळ्यावर, दिसते असं नाही. संशोधक साइट्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली नवशिक्यांच्या 520 ब्लॉक्सचे (नसेजवळ सुईनं भूल देण्याचे) व्हिडिओ तपासले, त्यातही सर्वाधिक आढळलेल्या दोन चुका याच होत्या: टोक न दिसता सुई पुढे ढकलणं आणि नकळत हलणारा प्रोब. मी या दोन चुकांना वर्षभर वेगवेगळे रकाने देऊन बसलो होतो.

शिवाय बैठकीनंतर मी फक्त पडद्याचं रेकॉर्डिंग दाखवायचो. टोक गेलं हे त्यात दिसतं, का गेलं ते नाही. परवा दुसरा मोबाईल स्टँडवर लावून नुसत्या हातांचं चित्रण केलं आणि दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी चालवले. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या सुईचं टोक जिथे नाहीसं झालं, नेमकं तिथे थांबवलं. करंगळी फँटमवरून उचललेली होती, प्रोब आधाराशिवाय धरलेला. सुईकडे बघायला मान वळली की मनगटही किंचित सरकायचं, आणि प्रोबमधून निघणारी ध्वनिलहरींची बीमच जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, त्यामुळे टोक दिसेनासं व्हायला तेवढं पुरतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सर, माझा हात टेकलेलाच नाहीये."

ते तिनं स्वतः म्हटलं, याचा आनंद मला अजून पुरतोय.

लगेच ती जुनी ओळ खोडली. तिच्या जागी दोन आल्या: करंगळी टेकली आहे का, आणि टोक गेल्यावर सुई थांबते का. आधी शिकणाऱ्यानं बोलायचं, मग मी काय पाहिलं ते सांगायचं, आणि पुढच्या प्रयत्नासाठी एकच गोष्ट द्यायची. पाच गुणांची पट्टी काढून टाकली. "3" मिळाल्यावर हातानं नेमकं काय बदलायचं हे कुणालाच कळत नाही. त्याच दिवशी तिनं आणखी पाच प्रयत्न केले. चार वेळा सुई जागच्या जागी थांबली, आधी प्रोब सरकला, मग कलला, आणि टोक परत आलं.

फँटमबद्दल: तयार सिलिकॉनच्या ठोकळ्यात सुई फारच लख्ख दिसते, शिकायला ते बरं नाही. जिलेटिनमध्ये इसबगोल घातलं की ऊतींसारखा दाणेदारपणा येतो. फक्त सुईच्या जुन्या वाटा पांढऱ्या रेघा होऊन उरतात आणि मुलं त्यांनाच सुई समजतात, म्हणून मी ते दर बैठकीनंतर वितळवून पुन्हा ओततो. बुडबुडे मरायला वेळ द्या.

पुढच्या आठवड्यात आउट-ऑफ-प्लेन (सुई बीमला आडवी) घेणार होतो. लिहिता लिहिता वाटतंय, थांबावं. आधी हेच इन-प्लेन (सुई बीमच्या रेषेत), पण कोन जास्त उभा करून. तिथे प्रतिध्वनी प्रोबकडे परत येत नाही आणि शाफ्टसुद्धा (सुईचा दांडा) पुसट होतो. आणि फीडबॅकचा कागद मी न भरता शेजारी बसलेल्या रेसिडेंटनं भरायचा, पडद्याकडे न बघता, फक्त हातांकडे बघून. स्टँडला दुसरा क्लॅम्प लागेल, तो आजच शोधतो.