वावर, वाट आणि बोलिव्हियाचं आरमार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आली, सोबत भाचाही आला. तो धुळ्यात खोली करून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. येताना जगाचा भलामोठा नकाशा गुंडाळून आणला आणि माझ्या ओसरीच्या भिंतीला चिकटपट्टी मारून लावून टाकला. रंग निघेल म्हणून आमच्या सौ. कुरकुरल्या. मी काही बोललो नाही. दुपारी मांडे-रस चेपून खाटेवर पडलं की नकाशा बरोबर डोळ्यांसमोर यायचा.

मी तीस वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा सरकारी माणूस, होतो. साखळी ओढली, प्लेन टेबल खांद्यावर घेऊन उन्हातान्हात फिरलो, शेवटी शेवटी ईटीएस हे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीनही शिकलो. त्यामुळे भिंतीवर मला देश दिसतच नव्हते, गट नंबर दिसत होते. हा चौकोनी, हा तिरपा, याला नदी लागून आहे, हा बिचारा मधोमध अडकलाय. आणि डाव्या बाजूला खाली एक पट्टी, जणू वाटणीत कुणीतरी रागाने पाडलेली.

"ही फाळणी कोणी केली रे?"

"मामा, तो चिली. लांबी ४३०० किलोमीटर, रुंदी सरासरी पावणेदोनशे."

म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी अंतर त्यात घातलं तरी हजारेक किलोमीटर उरतात. रुंदी मात्र धुळे-नाशिकहून जराशीच जास्त.

मला यावल तालुक्यातली एक मोजणी आठवली. सहा एकर केळीचं रान, तीन भाऊ. पुढे डांबरी रस्ता, मागे नाला. रस्त्याची बाजू फक्त सहा साखळ्या आणि खोली चाळीस साखळ्या. साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. हिशेब बसायला सोपा. मी म्हटलं, आडवे तुकडे पाडा, पुढच्याने मागच्यांना वाट द्यावी. तिघांनी एकसुरात नकार दिला. प्रत्येकाला रस्ता हवा होता आणि नालाही हवा होता. मग पाडल्या तीन उभ्या पट्ट्या, प्रत्येकी सहासष्ट फूट रुंद आणि तेराशे वीस फूट लांब. मधे दीड-दीड फुटांचे दोन बांध आले. नुसत्या बांधांत साडेतीन गुंठे गेले. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर दीडशेहून जास्त खोडांची जागा. धाकट्याने ते मला उभ्या उभ्या बोटांवर मोजून दाखवलं, तरी म्हणाला, पट्टीच पाडा.

दोन वर्षांनी त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा तो भेटला. म्हणे, साहेब, वैशाखातल्या गरम वाऱ्याने कडेच्या ओळींची पानं चिंध्या होतात. पूर्वी सहा एकरांत कड थोडी होती, पोट मोठं होतं. आता पोटच नाही, सगळी कडच कड. वारा अडवायला शेवरी लावायची तरी किती? आकाराचं गणित याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही. एक एकर चौरस असेल तर कुंपण साडेआठशे फुटांच्या आत बसतं. तोच एकर एक साखळी रुंदीचा असेल तर सत्तावीसशे फूट लागतं. जमीन तेवढीच, राखणदारी तिपटीहून जास्त.

देशालाही कड राखावीच लागते. पण चिलीला नशिबाने बांधच तसा मिळाला. पूर्वेला अँडीज पर्वत, पश्चिमेला पूर्ण लांबीभर पॅसिफिक. सगळा देश रोड टच, असं आमचे प्लॉटवाले म्हणतील.

गांबिया बघा. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. आपला जळगाव जिल्हा पावणेबारा हजार चौरस किलोमीटरचा, गांबिया त्याहून लहान. तो देश म्हणजे एक नदी आणि तिचे दोन काठ. रुंदी कुठेच पन्नास किलोमीटर नाही. इंग्रजांना नदीतून बोटी चालवायच्या होत्या म्हणून त्यांनी नदी धरली, आजूबाजूचं सगळं फ्रेंचांनी घेतलं, आणि १८८९ मध्ये दोघांनी कागदावर रेघा मारल्या. त्या काठांवर राहणाऱ्यांना नोटीस गेली असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे निदान लगतच्या खातेदारांना नोटीस काढावी लागते.

आता तिन्ही बाजूंनी सेनेगल आणि पोटात गांबिया. त्रास दोघांनाही झाला. सेनेगलचा दक्षिणेकडचा कासामान्स भाग राजधानीपासून तुटला, १९८२ पासून तिथे वेगळं होण्याची चळवळ पेटली. त्याच साली दोन्ही देशांनी सेनेगांबिया म्हणून सामाईक खातं करून पाहिलं, ते १९८९ मध्ये फुटलं. मधली नदी ओलांडायला तराफा होता, ट्रक दिवसेंदिवस रांगेत उभे असायचे. पूल झाला २०१९ मध्ये. भाच्याला म्हटलं, तीन भावांच्या पट्ट्यांत पाइपलाइन आडवी टाकायची झाली तर हेच होतं.

तो म्हणाला, पाकिस्तानचंही घ्या ना. बरोबर आहे. एकच सातबारा आणि दोन तुकड्यांमधे सोळाशे किलोमीटर दुसऱ्याचं शेत. १९७१ च्या फेब्रुवारीत भारताने आपल्या आकाशातून त्यांची विमानं बंद केली, तेव्हा त्यांना श्रीलंकेला वळसा घालून ढाक्याला जावं लागायचं. डिसेंबरात तुकडा वेगळा झाला. एवढ्या एका कारणाने झाला असं कुणी म्हणणार नाही. भाषेचा अपमान होता, निवडणुकीचा कौल डावलला होता. पण घरातल्या भांडणात पोचायलाच एवढा वळसा पडत असेल तर भांडण मिटवणार कोण?

आकारमानाचं म्हणाल, तर काँगोकडे बघून मला कधी हेवा वाटला नाही. तेवीस लाख चौरस किलोमीटर जमीन, आणि समुद्र मिळाला चाळीस किलोमीटरच्या आसपास. राजधानी किन्शासा पश्चिमेच्या कडेला, तांब्याच्या खाणी आग्नेयेला कटांगात, दीड हजार किलोमीटरवर, आणि मधे जंगल. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि महिनाही उलटला नाही तोच कटांगा फुटून निघाला, १९६३ पर्यंत परतला नाही. घर एका कोपऱ्यात, विहीर दुसऱ्या कोपऱ्यात, असली शंभर एकर मी बघितलीत. रात्री मोटारीची केबल चोरीला जाते आणि मालकाला सकाळी कळतं.

भाच्याचा अभ्यास इथे माझ्या पुढे गेला. म्हणाला, मामा, बोलिव्हियाला समुद्र नाही पण आरमार आहे. मला थट्टा वाटली. खरं निघालं. पूर्वी त्यांच्याकडे चारशे किलोमीटरचा किनारा होता, अटाकामाच्या वाळवंटात, खाली सोरा, म्हणजे खतात आणि दारूगोळ्यात लागणारा क्षार, आणि तांबं. सोरा काढणारी कंपनी चिलीची. बोलिव्हियाने त्यावर दहा सेंटावोचा, म्हणजे त्यांच्या दहा पैशांचा, कर बसवला, कंपनी देईना, आणि १८७९ मध्ये चिलीचं सैन्य उतरलं. लढाईत किनारा गेला तो गेलाच. १९०४ च्या तहाने चिलीच्या बंदरांतून माल नेण्याची वाट दिली, रेल्वेही बांधून दिली. तरी दर २३ मार्चला ते समुद्र दिन पाळतात आणि आरमार टिटिकाका सरोवरात फिरवतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०१८ ला निकाल लागला: चिलीवर वाटाघाटीची कायदेशीर सक्ती नाही.

इथे मी खाटेवरून उठून बसलो, कारण ही केस माझी होती.

पांझरा नदीच्या काठी आमचं तीन एकर वावर आहे, कपाशीचं. आजोबांच्या वाटणीत ते मागे पडलं, पुढचं चुलत्यांकडे गेलं. चुलते होते तोवर वाट कधी मागावी लागली नाही, बैलगाडी सरळ जायची. चुलतभावाच्या हाती कारभार आला आणि एका पावसाळ्यात त्याने बांधापर्यंत पेरणी केली. ऐन वेचणीत कापसाची गाठोडी डोक्यावरून काढली आम्ही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी दाखवल्या आणि स्वतःच्या वावरात जायला मला कलम १४३ खाली अर्ज करावा लागला. महसूल अधिनियमातलं हे कलम बांधावरून वाट देण्याचं, अधिकार तहसीलदारांना. आठ फुटांचा आदेश मिळाला. म्हातारी तेव्हा होती. ती म्हणायची, "वावर कितलं शे ते नको सांगू, वाट कोना बांधवरथून शे ते सांग."

देशांसाठीही असं एक कलम आहे, १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात, १२५ वं. समुद्र नसलेल्या देशाला समुद्रापर्यंत जायचा हक्क, मात्र कुठून आणि कसं, ते मधल्या शेजाऱ्याशी बोलून ठरवायचं. म्हणजे फिरून चुलतभावाच्याच दारात. आज दहा कोटींहून अधिक माणसांचा इथिओपिया १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला तसा समुद्राविना राहिला. १९९८ ला त्या दोघांत लढाई जुंपली आणि असाबचं बंदरही तुटलं. आता जवळजवळ सगळा भार जिबूतीच्या रस्त्यावर.

बोट्स्वाना मात्र मधोमध अडकूनही सावरला. १९६६ ला स्वातंत्र्य, पुढच्याच वर्षी हिरे सापडले. हिरे विमानाच्या पेटीत मावतात. माझी कपाशी मावत नाही, अन् रावेरची केळी तर त्याहून नाही.

आणि नेपाळ? २०१५ च्या शेवटी सीमेवर ट्रक अडले, काठमांडूत गॅस-पेट्रोलच्या रांगा लागल्या. कोणी अडवले यावर दोन्हीकडे वेगवेगळं सांगतात. भाच्याने मला सरकारी उत्तर ऐकवलं, परीक्षेत तेच लिहायचं असतं. मी ऐकून घेतलं. पण पुढच्या गटात आपण बसलोय, एवढं मला मोजणीवाला म्हणून दिसतं.

आपला खानदेशही कधीकाळी राज्य होता. थाळनेरला तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, शिरपूरला असताना पाहिल्या. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधली ही चिंचोळी पट्टी, एका अंगाला गुजरात, दुसऱ्याला माळवा, खाली दख्खन. तिघेही मोठे. तरी दोनशे वर्षं टिकली. उत्तरेतून दक्षिणेत उतरायची खिंड तिच्या ताब्यात होती आणि खिंडीवर अशीरगड होता. वाट आपल्यातून जात असली की लहान असूनही लोक रामराम घालतात. मग अकबर आला. त्याला नुसती वाट नको होती. १६०१ च्या जानेवारीत गड पडला आणि पट्टी संपली.

भाचा परवा धुळ्याला गेला, नकाशा इथेच ठेवून. बोलिव्हियावर पेनाने त्याने बारीक '१४३' लिहून ठेवलंय.

काल सरकीच्या पिशव्या घेऊन वावरात गेलो. चुलतभाऊ त्याच्या बांधावर बसला होता. चहा पिऊन जा म्हणाला, प्यायलो. त्याची कपाशीची पहिली ओळ यंदा वाटेच्या जरा जवळ सरकली आहे. परत येताना पावलांनी मोजलं, सात फूट भरले. टेप खिशात होता.