आत कुणीतरी ढकलतंय

"मामा, आतून कुणीतरी परत ढकलतंय!"

सुई काढलेली सिरिंज, तोंडावर घट्ट दाबलेला अंगठा आणि जोर लावून दट्ट्या रेटणारी भाची. दहाच्या खुणेवरून तो पाचापर्यंत आला आणि पुढे हलेना. सोडला, तर झटकन मागे. आत म्हणावं तर नुसती हवा.

तिचं ते "कुणीतरी" दिवसभर डोक्यातून जाईना. कारण ते खरंच आहे. हवेचे अगणित रेणू दट्ट्यावर सतत आदळत असतात. जागा निम्मी झाली की तेवढ्याच रेणूंच्या धडका दुप्पट होतात, म्हणून दाबही दुप्पट. फक्त तापमान तेच राहायला हवं.

शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने हे 1662 साली आकड्यांनिशी मांडलं. इंग्रजी 'जे' सारखी वाकवलेली काचेची नळी, आखूड टोक बंद, लांब टोकातून पारा ओतत जायचं. दोन्हीकडच्या पाऱ्यात सुमारे 29 इंचांचा फरक पडला, तेव्हा कोंडलेली हवा निम्म्या जागेत आली होती. आणि 29 इंच पारा म्हणजे जवळजवळ बाहेरच्या वातावरणाएवढाच दाब! वातावरणाचा आधीचा दाब आणि वर हा, म्हणजे एकूण दुप्पट. मला हे फार थोर वाटतं. रेणू तेव्हा कुणी पाहिलेसुद्धा नव्हते.

आपण मात्र 'दाब गुणिले आकारमान स्थिर' हे पाठ करतो, गणितं सोडवतो, मार्क मिळवतो. तो रेटा बोटाला कधी जाणवलेलाच नसतो.

तुमच्या वर्गात हा प्रयोग कुणी तुमच्या हातून करून घेतला होता का?