मेंढरं भादरली

आज सासवडजवळच्या आमच्या वावरात ७ मेंढरं भादरून झाली. सगळी दख्खनी, काळ्या लोकरीची. काल ओढ्यावर धुऊन वाळवली होती. पाय बांधून आडवं पाडलं की मामांची कातर पोटाकडून पाठीकडे सरकत जाते. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, नाहीतर सुरकुतीत पातं लागतं. माझ्या हातून एकीच्या मांडीला लागलंच. लगेच हळद भरली, पण जीव फार हळहळला.

एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा किलो, आणि आता तिला विचारतंय कोण? याच लोकरीची घोंगडी होते हो! कोकराचं जावळ मी वेगळं बांधून ठेवलंय, किती मऊ लागतं हाताला!

संध्याकाळी ते कोकरू बोडक्या आईला ओळखेना. दोनदा हुंगलं, मग लुचायला लागलं.