सेटिंगची वही

आबांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक हॅकसॉ. ऑइल इंजिनचे आणि पंपांचे पार्ट ते करायचे. आयटीआय झाल्यावर मी त्यांच्याच हाताखाली उभा राहिलो. २००६ साली आम्ही दोघा भावांनी बँकेचं कर्ज काढून शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड घेतली आणि एक सेकंडहँड सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी लेथ, आणली. खंडेनवमीला आबांनीच तिची पूजा केली. आज दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आहे, दोन शिफ्ट चालतात. पण धंदा कशावर उभा आहे असं कुणी विचारलं, तर मी कपाटातल्या वह्या दाखवतो.

पहिल्या वर्षी मार खाल्ला तो एका टिंबामुळे. बोअरिंग (आतलं भोक कापणं) झाल्यावर टूल बाहेर काढायला मी प्रोग्रॅममध्ये झेड (लांबीची दिशा) १५० लिहिलं आणि दशांशाचं टिंब द्यायचं राहिलं. आमच्या जुन्या फॅनुक कंट्रोलमध्ये टिंब नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये वाचला जातो. टूल दीडशे मिलिमीटर बाहेर यायच्या ऐवजी ०.१५ मिलिमीटर आलं आणि तिथंच टरेट, म्हणजे सगळी टूल बसवलेली चकती, फिरला. शेजारचा बोअरिंग बार फिरत्या जॉवर, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरणाऱ्या चकच्या जबड्यावर, आपटला. बार वाकला, टरेटची अलाइनमेंट गेली, डायल लावून ती जुळवण्यात तीन दिवस मोडले. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काय चुकलं ते लिही. तारीख घाल."

तेव्हापासून पहिल्या पीसची आमची पद्धत ठरली. प्रोग्रॅम ग्राफिकवर बघायचा. मग सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (न कापता सरकायचा वेग) २५ टक्क्यांवर, एक हात फीड होल्डच्या, म्हणजे सरकणं थांबवायच्या, बटणाजवळ. टूल जॉबपाशी आलं की थांबवून स्क्रीनवरचं 'डिस्टन्स टू गो', म्हणजे अजून किती सरकायचं ते, वाचायचं आणि डोळ्यांना दिसणारं अंतर त्याच्याशी जुळतंय का ते बघायचं. स्क्रीन ८० मिलिमीटर दाखवते आणि टूल जॉबपासून बोटभर लांब आहे, तर काहीतरी चुकलंय. पुढं जायचं नाही. प्रत्येक टूलनंतर एम ०१, म्हणजे हवं तर मशीन थांबवायची आज्ञा, टाकतो. बाहेरच्या व्यासाला फिनिशिंग टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (माप थोडं सरकवायच्या आकड्यात) आधी अधिक ०.५ ठेवायचे, कट घ्यायचा, मोजायचं, मग माप आणायचं. बोअरला उलटं, उणे ०.५. ही अधिक-उण्याची खूण चुकवून नवीन पोरं हमखास पीस घालवतात, म्हणून ती मशीनच्या दारावर रंगवूनच ठेवली आहे.

आमचं निम्म्याहून जास्त काम फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं. त्याच्या कातडीत वाळू चिकटलेली असते. इन्सर्ट, म्हणजे टूलवरचा धारेचा तुकडा, वाचवायचा म्हणून पहिला कट अर्धा मिलिमीटर घेतला, तर धार त्या वाळूवरच घासत राहते आणि दहा पीसमध्ये संपते. मटेरियल असेल तर पहिला कट दीड-दोन मिलिमीटरचा, कातडीच्या खालून जाणारा घ्यावा. आणि फेसिंगला जी ९६ (कापायचा वेग सारखा ठेवणारी आज्ञा) वापरताना जी ५० ची, म्हणजे जास्तीत जास्त आरपीएमची, मर्यादा विसरू नये. टूल मध्याकडं सरकतं तसे आरपीएम चढत जातात, आणि एका बाजूला जड असलेलं कास्टिंग त्या वेगाला चकमध्ये राहीलच याची खात्री नसते. इथं पीस नाही, माणूस जातो.

फिनिशचं गणित सोपं आहे. फीड, म्हणजे दर फेऱ्याला टूल सरकतं ते अंतर, निम्मा केला की खरबरीतपणा चौथाईवर येतो. ०.८ नोजच्या (टोकाच्या गोलाईच्या) इन्सर्टला ०.२ फीडवर सव्वासहा मायक्रॉनच्या रेघा निघतात, ०.१ वर दीडच्या आसपास. वेळ मात्र दुप्पट लागतो, म्हणून ड्रॉइंग मागेल तितकाच फिनिश द्यावा.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पातळ भिंतीच्या बुशांनी, म्हणजे नळीसारख्या पार्टांनी. दोनशे पीसचा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. बेअरिंग बसत नाही म्हणून. आमच्याकडं प्रत्येक पीस दोन पॉइंटच्या बोअर गेजनं (भोकाचं माप घेणाऱ्या) तपासलेला, सगळे मापात. परत मोजले, परत मापात. आमच्याकडं कामाला असलेल्या मामांनी शेवटी तीन पॉइंटचं गेज मागून आणलं, आणि काटा हलायला लागला. तीन जॉ बुश दाबून धरतात, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल होतो, आणि जॉ सोडले की भिंत पूर्ववत होऊन बोअर तीन कोनांचा होतो. दोन पॉइंटच्या गेजला हा आकार दिसतच नाही, कारण समोरासमोरचं अंतर कुठूनही जवळजवळ तेवढंच भरतं. तो लॉट आमच्या खर्चानं भरून दिला. आता पातळ जॉबला चारी बाजूंनी कवटाळणारे सॉफ्ट जॉ (मापाला कापून घेता येणारे मऊ जॉ) वापरतो. हे जॉ, ज्या प्रेशरला जॉब धरायचा त्याच प्रेशरला, रिंग पकडून बोअर करतो, आणि फिनिश कटाआधी प्रेशर कमी करतो. गरम पीसही लगेच मोजत नाही. शंभर मिलिमीटरचं लोखंड दहा अंशांनी निवलं की सुमारे अकरा मायक्रॉननं आखडतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. शेड कोरडी होती, पण ना कास्टिंग येत होतं ना माल जात होता. त्या दिवसांत भाऊ आणि मी बसून प्रत्येक जॉबचं पान नव्यानं लिहून काढलं: कुठले जॉ, चकचं प्रेशर, टूल किती बाहेर काढायचं, कुठला इन्सर्ट किती पीस चालतो, कुठल्या मापाला त्रास होतो. तोवर हे सगळं मामांच्या डोक्यात होतं आणि मामा सुट्टीवर गेले की आमचा हात थांबायचा.

आता माझी मुलगी कॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर, प्रोग्रॅम करते. तिनं वह्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर घातले, बरं झालं. पण सेटिंग करताना हाताला तेल असतं, वहीच उघडावी लागते. गेल्या महिन्यात चार वर्षांपूर्वीचा एक जॉब परत आला. तिनं पान काढलं, त्यात मामांच्या अक्षरात 'दुसऱ्या जॉखाली पत्रा घाल' असं लिहिलेलं होतं. का, ते कुणालाच आठवेना. तिनं पत्रा न घालता पहिला पीस लावला आणि डायल फिरवली. रनआउट, म्हणजे फिरताना जॉब हलतो ते माप, मिलिमीटरचे आठ शतांश आला. मग तिनं पत्रा घातला, आणि मामांच्या ओळीखाली कारण लिहून तारीख घातली.